श्रीमंतचं शेडकार्ड

३ मार्च २०१६, गुरुवार

पांढरं पडलं म्हणजे गेलं का?

अम्मांनी आज हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, नांदेडला तीन वर्षं घासली, घरातली पहिली पदवी — आणि एवढ्याशा प्रश्नाला गप्प!

पुस्तकातलं माहीत आहे. कोरलच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. तेच उजेडातून अन्न करून त्याला भरवतं. पाणी तापलं, काही बिनसलं, की हे शेवाळ अंगातून बाहेर पडतं आणि रंग जातो. जीव लगेच जात नाही. पांढरा पडलेला कोरल जिवंतच असतो, फक्त उपाशी. किती दिवस? ते कुठंच धड लिहिलेलं नाही.

मी म्हटलं, "पांढरं कुठं पडलंय अम्मा, जरासं फिकं झालंय."

त्या टाकीकडेच बघत होत्या. "तेच विचारून राहिले ना पोरी. आधी फिकं. मग पांढरं. मग?"

५ मार्च, शनिवार

सगळं एकदा नीट लिहून ठेवते. नाहीतर चार महिन्यांनी माझं मलाच कळायचं नाही.

लातुरात मी सकाळी कॉलेजात तासिकेवर शिकवते आणि दुपारी या घरी येऊन टाकी सांभाळते. घर कमलम्मा आणि चन्नबसप्पांचं. सगळे अम्मा-आप्पा म्हणतात, मीही म्हणते. आप्पांचं गंजगोलाईजवळ रंगाचं दुकान. टाकी त्यांच्या मुलाची, श्रीमंतची. चारशे लिटर खारं पाणी, समुद्रापासून इतक्या लांब, पुढच्या खोलीत! तो जहाजावर वायरमन होता. सुट्टीवर आला की टाकीत एक-एक भर घालायचा. मधोमध छत्री — त्यानंच नाव दिलेलं. लेदर जातीचा मऊ कोरल, परातीएवढा, गुलाबी-जांभळा. कडेला मुठी, हाही एक कोरलच. शंभर-दीडशे बारीक हात पाण्यात उघडतात, मिटतात, उघडतात. वारा नाही, लाट नाही, तरी. पहिल्या आठवड्यात मला त्यांच्याकडे पाठ करून बसवत नव्हतं.

मे २००९ मध्ये कंपनीचं पत्र आलं. सकाळच्या हजेरीला श्रीमंत जहाजावर सापडला नाही. चारी बाजूंना पाणी. पुढं काही नाही. देहही नाही.

खोलीत त्याचा फोटो आहे. फोटोला हार नाही.

आप्पांना हार घालायचा आहे. माणूस बेपत्ता होऊन सात वर्षं झाली की तो गेला असं ठरवून घ्यायला कोर्टात अर्ज करता येतो, मग विधी करता येतो. अर्जावर अम्मांची सही हवी, त्याशिवाय ते पुढं जाणार नाहीत. आणि अम्मांनी त्यांना तीन वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय — "छत्रीचा रंग पाचाच्या खाली गेला तर करते सही. त्याच्या आधी माझ्याम्होरं कागद आणायचा न्हाई."

पाच म्हणजे काय, तेही लिहिते. श्रीमंत रंग डोळ्यानं मोजत नसे. दुकानातलं शेडकार्ड आणायचा. एक पट्टी, गुलाबी ते जांभळा, बारा चौकोन. काचेला कार्ड लावायचं, कुठल्या चौकोनाशी छत्री जुळते बघायचं, आकडा वहीत. किती साधी आणि किती पक्की रीत! मला फार आवडली. प्रत्येक चौकोनापुढं त्याच्या पेन्सिलीचं अक्षर आहे. बारा — जांभूळ खाल्लेली जीभ. नऊ — अम्माची इरकल. चार — गोळ्याचा बर्फ, चोखून झाल्यावर. एक — काहीच न्हाई.

त्याची शेवटची नोंद ९ मार्च २००९ ची. नऊ. त्याखाली सात वर्षं रोज एक ठिपका आहे. पानंच्या पानं ठिपके. अम्मांचे. लिहिता येतं त्यांना. मी विचारलं होतं. "आकडा घालायचा हक त्याचा. आता तू घाल. तू शिकलेली हाईस, खोटं लिहिणार न्हाईस."

ठिपक्यांखाली माझं अक्षर सुरू होतं. जानेवारी. आठ.

८ मार्च

सहा. बाहेर एकेचाळीस. लाइट दोनदा गेली, टाकीचं पाणी एकतीसला. बर्फाच्या बाटल्या सोडल्या.

११ मार्च, शुक्रवार

मला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सरांना नांदेडला फोन केला. म्हणाले, "तुम्ही रोज नोंद घेताय ना? मग डोळ्यावर विसंबू नका, डोळा सवय करून घेतो. कार्ड बोलेल ते खरं. आपल्या मराठवाड्यात अशी नोंद कुणी ठेवली नसेल, वही जपून ठेवा." ऐकून ऊर भरून आला. खरं सांगायचं तर दिवसभर तेच आठवत होते.

छत्री पाच आणि सहाच्या मध्ये. सहा लिहिलं नाही. साडेपाच लिहिलं.

१५ मार्च, मंगळवार

पाच.

मी आकडा मोठ्यानं सांगितला नाही. अम्मांनी येऊन वही पाहिली. कार्ड हातात घेतलं, काचेला लावलं, किती वेळ तशाच. मग म्हणाल्या, "आप्पाला सांगू नको आज. तसं पाचाच्या खाली न्हाई ना?"

"नाही. पाचच आहे."

"मग झालं."

निघताना पाणी मागितलं. माझा पेला खिडकीत असतो, वेगळा. त्यात त्या वरून ओततात. टाकीत मी दोन्ही हात कोपरापर्यंत घालते, तिथं त्यांना काही वाटत नाही, घागरीला मात्र हात लागलेला चालत नाही. भांडायला पाहिजे. गावात माझे बाबा भांडले असते. मी फक्त इथं लिहिते.

१६ मार्च

अम्मांनी कार्ड गच्चीवर वाळत घातलं होतं. "शिंतोडे उडाले होते." चांगलं केलं. खारं पाणी कागदाला वाईट.

१९ मार्च, शनिवार

आज टाकीच्या कडेला, मोठ्या दिव्याखाली, कार्ड चिमट्यानं अडकवलेलं दिसलं. अम्मा म्हणाल्या, "सारखं कपाटातनं काढायचं कामून? तोबी तिथंच लावायचा." बरंच झालं. हाताशी राहतं. पाच.

२६ मार्च, शनिवार

सहा!! तीनदा पाहिलं. कार्ड वरून लावलं, बाजूनं लावलं — सहा!

अम्मांना हाक मारली. त्या हातातलं पीठ न झटकता आल्या. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं डोळे मिटून कपाळाला हात लावला, पिठाचा ठसा उमटला, भस्माच्या वर.

मी म्हटलं, "उजेड मानवतोय वाटतं. दिवा चालू राहू द्या." श्रीमंतच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलंय, दिवा आठ तास. अम्मा सकाळी सहाला लावतात तो रात्री निजायच्या वेळेपर्यंत. पण रंग येतोय तर का नाही?

३ एप्रिल, रविवार

सात.

मायचा फोन आला. आमचं गाव मुखेडपासून अकरा किलोमीटर, तिथं टँकर चार दिवसांआड येतो. तिला वाटतं मी मासे सांभाळते. मी म्हटलं, मासे नाही माय, कोरल. "ते काय असतंय?" म्हटलं, जनावरच आहे, पण झाडासारखं एका जागी. "खातंय काय?" उजेड. "आन् पानी किती लागतंय त्याला?" रोज सहा लिटर उडून जातं, ते भरते. मग म्हणाली, "उजेड खानाऱ्याला पानी कशाला गं? इथं मान्सं उजेडच खाऊन राह्यली." आणि स्वतःच हसली. मला हसता आलं नाही.

सहा लिटर खरं नाही, माय. नळाचं पाणी जसंच्या तसं चालत नाही, यंत्रातून गाळावं लागतं. एक बादली गाळायची तर तीन बादल्या वाया जातात. त्या शेजारच्या सुमनबाई भांड्यांना नेतात. हे तिला सांगितलं नाही.

७ एप्रिल

मुठी थांबल्या.

काल उघडझाप चालू होती. आज सगळे हात उघडे, ताठ, एकाच बाजूला वळलेले. दाराच्या. प्रवाह बघितला, पंप बघितला, सगळं ठीक. शास्त्रानं याचं कारण शोधता येईल. मी शोधीन. पण आज लवकर निघाले.

१२ एप्रिल, मंगळवार

पाण्याची रेल्वे आली. सगळं शहर स्टेशनकडे. कॉलेजातली पोरं डब्यांचे फोटो काढून परत आली, जशी काही जत्रा.

आप्पा दुपारीच घरी. त्यांचं उदगीरचं डोक्यातून जात नाही. उदगीर जिल्हा होणार म्हणून सहा महिने गाजतंय, यांनी पाट्यांसाठी निळा रंग आधीच मागवून ठेवलाय. "जिल्हा झाला की पन्नास हपिसं रंगवायची मॅडम. कलेक्टरपासून ते मुतारीपर्यंत."

अम्मा आतून, "पाणी न्हाई प्यायला, कलेक्टर काय रंग पिणार?"

"तू तर पाजूनच राहिलीस की! चारशे लिटर."



सुमनबाई दारात बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांना राहवत नाही. "आमच्या मुलीला तुमच्या खिडकीचं भ्या वाटतंय बरं का अम्मा. तो निळा उजेड. म्हणती, आत कुणीतरी हाय." बादली उचलता उचलता मला हळूच, "भुताला पाणी पाजतेत अन् आमाला उष्टं."

अम्मांनी ऐकलं. खिडकी मात्र उघडीच ठेवली.

छत्री सात-आठ.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. गावी आले. एकशे पंचविसावी! बाबांनी पंचशील ध्वज नवा आणला, मिरवणुकीत पाण्याऐवजी गुलाबपाकळ्या. बाबा सगळ्यांना सांगत फिरत होते — "पोरगी लातुरात समुद्रावर संशोधन करून राह्यली." समुद्र!

संध्याकाळी टँकरच्या रांगेत मीही उभी राहिले. घागरीत पडणाऱ्या पाण्याकडे बघताना मनात पहिला विचार काय यावा? हे गाळलं तर छत्रीला दीड दिवस. स्वतःची लाज वाटली.

२० एप्रिल, बुधवार

आठ. जानेवारीत होता तेवढा!

पण.

लिहू का? लिहिते, ही माझी डायरी आहे, टाकीची वही नव्हे, कुणी वाचत नाही. कार्ड म्हणतं आठ. डोळा म्हणतो फिकं. गावाहून आल्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, अरे, ही कोण? पाण्यातली साय. मग कार्ड लावलं. बरोबर आठाशी जुळलं. चौकोन आणि छत्री, जणू एकच. सर म्हणाले होते, डोळा सवय करून घेतो. म्हणजे माझाच डोळा चुकतोय. मी आकडा लिहिला.

मुठी अजून तशाच. उघड्या.

२७ एप्रिल, बुधवार

आप्पा आज माझी वाट बघत ओट्यावर बसले होते. एवढा मोठा माणूस, चपलेनं माती उकरत होता.

"मॅडम, खरं किती हाय?"

"आठ, आप्पा."

"आठ." मान हलवली. "चांगलं हाय मग." पण चेहरा असा झाला जसं मी काहीतरी हिरावून घेतलं. जरा वेळानं म्हणाले, "तुमाला वाटंल बाप असून पोराच्या मरणाचा कागद घेऊन फिरतोय. तसं न्हाई. मला एकदा त्याच्यासाठी रडायचं हाय. सात वर्षं झाली. घरात रडलो की ती म्हणती, अशुभ करू नका, तो यायचा हाय. दुकानात रडावं तर गिऱ्हाईक. सांगा बरं, कुठं रडू?"

मी आठ सांगितलं होतं.

५ मे, गुरुवार

उशीर झालाय. तरी आजच लिहायचं.

कार्डाचा कोपरा भिजून सुटत होता, म्हणून दुसरं आणायला दुकानात गेले. आप्पा उदगीरला गेलेले. व्यंकट होता. तो पेंटर आहे, वीस वर्षं या दुकानाशी बांधलेला. मी म्हटलं, गुलाबी-जांभळ्याची पट्टी द्या, श्रीमंतच्या कार्डावर होती ती. त्यानं खालच्या खणातून काढली. काळ्या कागदाचं पाकीट, त्यातून पट्टी.

"पाकिटात कशाला ठेवता?"

"आता मॅडम, तुमी शिकलेल्या बाया." व्यंकटला चेव आला. "कार्ड उजेडात ठेवलं की उडतंय. आधी गुलाबी जातंय. मग गिऱ्हाईक येऊन भांडतंय, भिंतीवर लई गडद मारला म्हणून! गडद न्हाई मारला बाबा, तुझं कार्ड उडालं. श्रीमंत भैया तर हमेशा पाकिटात घालून कपाटात ठेवायचा. बटव्यातल्या नोटेवानी."

मी म्हटलं, तो टाकीवर अडकवायचा ना?

"टाकीवर? त्या हजार दिव्यांएवढ्या दिव्याखाली? रंगवाल्याचं पोरगं होतं मॅडम ते. खुळं न्हवतं."

पट्टी पिशवीत घालून आले. अम्मा आत होत्या. नवं कार्ड जुन्याशेजारी धरलं.

जुन्याचा आठ म्हणजे नव्याचा तीन.

जुन्याचा नऊ — अम्माची इरकल — नव्याच्या चाराशीसुद्धा धड जुळेना.

छत्रीला रंग आलाच नव्हता. कार्डाचा गेला होता. दोघं एकाच दिव्याखाली, एकमेकांच्या बरोबरीनं पांढरे होत होते, कार्ड जरा पुढं, आणि मी त्यांच्यामध्ये उभी राहून आकडे वाढवत होते. सहा! दोन उद्गारचिन्हं घातली होती मी. आणि त्या आकड्यांवर विसंबून म्हटलं होतं, दिवा चालू राहू द्या. सोळा तास! मऊ कोरल, तापलेलं पाणी, आणि वर सोळा तास तो दिवा. डोळा ओरडून सांगत होता. मी कार्डावर विश्वास ठेवला कारण कार्डावर आकडे होते.

दिवा बंद करून निघाले. कुणाला काही सांगितलं नाही.

६ मे

दिवा चालू होता. सकाळी सहापासून.

मी बंद केला. मागं बादली ठेवायला गेले, आले, तर चालू. अम्मा खोलीतच बसून शेंगा सोलत होत्या.

वहीत आकडा लिहिला नाही. ठिपका काढला. नंतर कळलं काय केलं ते.

१० मे, मंगळवार

बोललो.

मी दोन्ही कार्डं त्यांच्यापुढं ठेवली. कसं सांगायचं याची रात्रंदिवस तयारी केली होती — प्रकाश, रंगद्रव्य, माझी चूक, माफ करा. पहिलं वाक्य पुरं झालं नाही.

"मला ठावं हाय."

"काय?"

"बत्तीस वर्षं रंगवाल्याची बायको हाय मी. कार्ड उनात ठेवू नये, हे मला कळत न्हाई?"

उठल्या. कपाटातून इरकल आणली. पदर उलगडला. जांभळट गुलाबी, काल रंगवल्यासारखी. जुनं कार्ड त्यावर ठेवलं, नवाच्या चौकोनापाशी. "दर सोमवारी लावून बघत होते. किती उडालं ते."

गच्चीवरचं ऊन, चिमटा, दिवा — एक-एक आठवत गेलं. म्हणजे ज्या दिवशी मी पाच लिहिलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

"अम्मा, मी खोटं लिहिणार नाही म्हणून मला ठेवलं होतं ना तुम्ही?"

"तू कुठं खोटं लिहिलंस? तुला दिसलं तेच लिहिलंस." किती शांतपणे! "म्हणूनच तर त्यांचा विश्वास बसला."

"पण ती मरतीय अम्मा. त्या दिव्यानं. मी लावू द्या म्हटलं, पण तुम्हाला —"

"अंधारात कसं ठेवू? तो आला अन् घर अंधारात दिसलं तर?"



मग त्या जवळ सरकल्या. शनिवारी सात वर्षं होतात. आप्पा वही बघणार, कागद घेऊन बसणार. "एक डाव आठ लिही. शनिवारच्याला एकच डाव. पुढं तुझ्या मनासारखं कर. दिवा काढ, टाकी काढ." आवाज खाली गेला. "अगं पोरी, सही केली की तो माझ्या हातानं मरंल. समुद्रानं मारला असंल तर मारू दे. माझ्या हातानं नको."

मी रडत होते. त्या नव्हत्या.

"घसा सुकला तुझा. पाणी घे." मी खिडकीतल्या पेल्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "घागरीतनं. घे तुझ्या हातानं."

चार महिने. चार महिन्यांत आज.

तहान इतकी होती की जीभ टाळूला चिकटली होती. घेतलं नाही. त्या घागरीत शनिवारचा आठ बुडवून ठेवला होता.

११ मे, बुधवार

सरांना सगळं सांगितलं. वही खोटी ठरली हेसुद्धा. मग म्हणाले, "खोडू नका. कारण लिहा." छत्रीचं विचारलं. "मोठा दिवा आधी बंद. पूर्ण. खिडकीच्या उजेडावर ठेवा, पाणी गार ठेवा. शेवाळ अंगात परत शिरलं तर जगेल. पण सांगून ठेवतो, जांभळा-गुलाबी विसरा. मंद उजेडात तपकिरी होईल. शेणाच्या गोवरीसारखं दिसेल. तपकिरी दिसलं की समजा, खायला मिळतंय."

"आणि पहिला रंग?"

"तो त्या दिव्याचा होता. जिवंतपणाचा नव्हे."

फोन ठेवला आणि पहिल्यांदाच अम्मांच्या प्रश्नाजवळ पोचल्यासारखं वाटलं. उत्तरापाशी नाही. जवळ.

१२ मे

तीन. नव्या कार्डानं. अजून वहीत घातला नाही.

आज मुठींतला एक हात मिटला. एकच. मग परत उघडला. मी तासभर बसून राहिले, पुन्हा झालं नाही. मला दिसावंसं वाटलं म्हणून दिसलं असेल.

१३ मे, शुक्रवार

आठ लिहिला तर छत्री दिव्याखाली मरेल, आप्पा रडायचे राहतील, आणि अम्मा उरलेलं आयुष्य उडालेल्या कार्डाला रंग म्हणत बसतील. तीन लिहिला तर एक आई माझ्या आकड्यावर सही करेल. बाबांना फोन लावला, काही न सांगता ठेवला. "समुद्रावर संशोधन."

जो आकडा लिहीन, तो कुणाला तरी मारणारच.

१४ मे, शनिवार

आप्पा उठायच्या आधी गेले. मोठ्या दिव्याची वायर पकडीनं कापली. अम्मा दारात उभ्या होत्या. हाक मारली नाही, पुढंही आल्या नाहीत. श्रीमंतचं कार्ड त्याच्या पाकिटात घालून त्यांच्या हातात दिलं.

वहीत तीन लिहिला. मागचे सहा, सात, आठ तसेच ठेवले, प्रत्येकापुढं कारण लिहिलं, खाली माझं पूर्ण नाव — आम्रपाली पिराजी वाघमारे. आप्पा उठून बसले तेव्हा वही त्यांच्या मांडीवर ठेवली. वाचता वाचता त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज यायच्या आत मी उठले. घागरीतून पेला भरला, माझ्या हातानं, उभी राहून प्याले. सहीसाठी थांबले नाही.

छत्री आता खिडकीच्या उजेडात आहे. जगली तर तपकिरी होईल.

श्रीमंतच्या कार्डावर तपकिरी नाही.